मिक्सर चालू होता का?

"मिक्सर चालू होता का?"

विमा कंपनीच्या सर्व्हेअरनी एवढंच विचारलं. स्वयंपाकघरात कुठे टेकायची सोय नव्हती, सगळीकडे काजळी, म्हणून ते बिचारे मधोमध कोपर आखडून उभे होते, हातात पॅड, नाकावर मास्क, आणि पेनाचं टोक फ्रिजवरच्या मिक्सरकडे. मी म्हटलं, "हो." एका श्वासात. खरं म्हणजे तो मिक्सर आदल्या वर्षीच्या दिवाळीत चकलीची भाजणी करताना, म्हणजे भाजणी मिक्सरवर करू नये हे आई, म्हणजे सासूबाई, सांगत असतानाच, धूर सोडून बंद पडलेला. दुरुस्तीवाल्याने कॉइल गेलीये, नवा घ्या म्हणून सांगितलेलं. नवा घेतला, तो लहानसा, आणि हा मोठा टाकवेना म्हणून फ्रिजवर जाऊन बसला. त्याच्या मोठ्या भांड्यात मी कलथे आणि झारे ठेवायचे. आता तोही बाकी सगळ्यांसारखाच काळा झालेला, आणि काळ्या झालेल्या वस्तूंत चालू कोण आणि बंद कोण हे कुणाला कळणार. नुकसानीच्या यादीत मीच लिहिलेलं होतं, ओळ नंबर १७, मिक्सर ग्राइंडर, नग १, ३५०० रुपये. ते काही बोलले नाहीत, पॅडवर काहीतरी खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

या गोष्टीला आता सात महिने झाले. घर रंगवून झालं, पैसेही आले. पण तो "हो" अजून अधूनमधून घशाशी येतो.

आग आमच्याकडे लागलीच नव्हती. मे महिन्यातला शनिवार, दुपारी तीन-साडेतीन, मुलुंडात तेव्हा रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असं ऊन. खालच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या बेडरूममधला एसी पेटला. ते सगळे घरातच होते, बाहेर पळाले, कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्यांच्या खिडकीतून निघालेला धूर सरळ वर आमच्या उघड्या खिडकीतून आत, आणि डक्टमधून बाथरूमच्या झरोक्यातून आत, दोन्ही बाजूंनी. मी भाजीला गेलेले, नवरा ऑफिसच्या कामाने पुण्यात, चिरंजीव क्लासला. घरात सासूबाई एकट्या. शेजारच्या काकांनी दार बडवून त्यांना खाली आणलं. मी धावत आले तेव्हा आई गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, चष्मा नाही, पायात चप्पल नाही, आणि मुठीत कुकरची शिट्टी. गॅस बंद करताना हातात आली ती तशीच घेऊन उतरल्या. अग्निशमन दलाचे दोन बंब आले, होज लावली, वीसेक मिनिटांत विझलं पण सगळं. वरती बघितलं तर आमच्या खिडकीच्या वरच्या भिंतीवर काळी जीभ उमटलेली, बाकी काही नाही. मला वाटलं, चला, वाचलो.

आत जाऊ दिलं संध्याकाळी. लाईट तोडलेली, मोबाईलचा टॉर्च. पहिली गोष्ट वास. लाकूड जळल्याचा नाही, चुलीचा नाही, होळीचा तर नाहीच, तो वास तरी ओळखीचा असतो. हा होता प्लास्टिकचा, फोमचा, वायरींचा, जिभेवर गोडसर चिकट बसणारा, आणि घसा खरवडणारा. मग भिंती. धूर वरून खाली भरत येतो म्हणे, त्यामुळे साधारण माझ्या छातीपर्यंत भिंत ठीक आणि त्याच्या वर एकदम काळी, मधे अशी रेघ की कुणीतरी घरात काळं पाणी उलटं भरून ठेवलं होतं. अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, हार घातलेला फोटो मी काढला तर मागे स्वच्छ पिवळा चौकोन. आणि छताच्या प्रत्येक कोपऱ्यात जाळ्या, लांब, काळ्या, लोंबणाऱ्या. आईंना त्या जाळ्यांचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी येतील त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "अहो मी दर शनिवारी जाळ्या काढते, ह्या काल नव्हत्या." खरंच नव्हत्या. सर्व्हेअरनी नंतर सांगितलं की त्या कोळ्याच्या नसतातच, प्लास्टिक जळल्यावर काजळीचे कण एकमेकांना चिकटून कोपऱ्यात अशा माळा लटकतात. आईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्या नुकसानीत त्यांना दिलासा मिळाला तो एवढाच.

मी एक मूर्खपणा केला. त्याच रात्री बादलीत साबणाचं पाणी घेऊन हॉलची एक भिंत पुसायला घेतली. काजळी तेलकट असते, पाणी लागलं की पसरते आणि प्लास्टरमध्ये मुरते. आधी कोरडीच उचलायची असते, त्यासाठी एक रबरी स्पंज मिळतो, मग बाकीचं. मला हे कळलं तोवर भिंतीवर माझ्या हाताचे पंख्यासारखे फराटे उमटलेले. रंगाऱ्याने पण तेच सांगितलं, ताई, थेट रंग मारला तर महिन्याभरात डाग वर येईल, वासही येईल, आधी सीलर प्रायमर लागणार. टीव्ही लावून बघू नका, हेही असंच कुणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून बरं. वायरींच्या प्लास्टिकच्या धुरात आम्ल असतं, ते आतल्या तांब्याला खातं, आणि वर करंट सोडला की उरलंसुरलं पण जातं.

आणि मग आलं ते वाक्य, जे पुढचे चार दिवस सगळ्यांनी ऐकवलं. काही टाकू नका.

कंपनीत फोन केला तेव्हा पण तेच, आणि आमचे एलआयसीवाले मामा, जे गेली तीस वर्षं सगळ्या खानदानाचे विम्यातले डॉक्टर आहेत, त्यांनी पण तेच सांगितलं. सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत एक सुई हलवायची नाही. फोटो काढा, व्हिडिओ काढा, पण हलवू नका. आता मे महिना. पलंगाखाली देवगडची पेटी, पेंढ्यात आंबे पिकत घातलेले. ओट्याखाली बरणीत मालवणहून नणंदेने पाठवलेला वर्षाचा मसाला, चार किलो, लाल भडक. गच्चीवरून आदल्याच दिवशी आणलेल्या कुरडया, उघड्या परातीत. हे सगळं त्या वासात शिजत पडलं. तिसऱ्या दिवशी मी बरणीचं झाकण उघडलं. मसाल्याला मसाल्याचा वास होता, पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, जळक्या वायरीचा. मी झाकण लावून ठेवलं. आंबा एक कापून बघितला, आतून केशरी, सुंदर, आणि चव रेक्झिनच्या सीटची. नणंदेला अजून सांगितलेलं नाही, ती विचारते मसाला कसा आहे, मी म्हणते झणझणीत. म्हणजे बघा, खोटं बोलायची मला सवयच लागलेली होती त्या दिवसांत.

विम्याचं आमचं असं, की होमलोन घेताना बँकेने गळ्यात मारलेली एक पॉलिसी होती, ती लोन फिटल्यावर संपली, आणि मामांनी नंतर ती भारत गृह रक्षा का काय ती घ्यायला लावली. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ती एकाच छापाची द्यावी लागते. हप्ता वर्षाला हजाराच्या आत, म्हणून मी काही न वाचता सही केलेली. मला वाटायचं आमचा फ्लॅट दीड कोटीचा म्हणजे विमाही तेवढ्याचा. तर नाही. जमिनीची किंमत धरतच नाहीत, जमीन कुठे जळते. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च, म्हणजे आमचे ४२० फूट गुणिले २६०० रुपये, झाले १० लाख ९२ हजार. मुंबईत आपण जिच्यासाठी जन्म घालवतो ती जागा वजा केली की घर एवढंच उरतं. आणि घरातल्या सामानाचं आम्ही वेगळं काही भरलंच नव्हतं, मी तर सोडूनच दिलेलं. मामा म्हणाले, "अगं बाई, बिल्डिंग कव्हरच्या वीस टक्के सामान त्यात आपोआप धरलेलं असतं, दहा लाखांपर्यंत. वाचत जा जरा." म्हणजे २ लाख १८ हजार ४०० रुपये. रात्री साडेअकराला डोंबिवलीला दिराच्या घरी, खाली गादीवर बसून हा आकडा ऐकला आणि मला जो आनंद झाला, त्याची लगेच लाजही वाटली. घर काळं पडलंय आणि ही बाई हरखलीये.

माझी भीती वेगळीच होती, की आग आपल्याकडे लागलीच नाही, मग क्लेम कसला. तर तसं नसतं. आग कुणाच्याही घरात लागो, तिच्या धुराने तुमच्या भिंती गेल्या, विझवायच्या पाण्याने तुमचं फर्निचर फुगलं, तरी ते आगीचंच नुकसान. गंमत अशी की ज्यांचा एसी पेटला त्यांना बाकी सामानाचे मिळाले, पण त्या एसीचे नाही. जे यंत्र स्वतःच्याच शॉर्टसर्किटने गेलं तेवढं एक वगळतात. त्या वहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा हेच सांगत होत्या आणि एकदम रडायला लागल्या, की तुमचं सगळं आमच्यामुळे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मनात मात्र, खरं सांगते, सर्व्हिसिंग कधी केलेलं हा प्रश्न वळवळत होता.

मग यादी. कंपनीच्या फॉर्ममध्ये रकाने होते, वस्तू, नग, खरेदीचं वर्ष, किंमत, पुरावा. पुरावा म्हणजे बिल. आता पडद्यांचं बिल कोण ठेवतं? सोफा भाऊजींच्या ओळखीच्या सुताराने केलेला, त्याचं बिल म्हणजे वहीच्या पानावर पेन्सिलने केलेली बेरीज. तेव्हा चिरंजीवांनी डोकं लढवलं, की गणपतीचे फोटो बघ. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, दरवर्षी शंभरेक फोटो, आणि हॉल, फ्रिज, टीव्ही, सगळं मागे येतंच. मोबाईल, गुगल ड्राइव्ह, जुनं पेनड्राइव्ह, सगळं काढलं आणि आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत फोटो बघत बसलो. पण बघत होतो ते मागचं. माणसं मधे यायची. आत्याबाई नेमकी शोकेसच्या पुढे उभी, चुलत जावेच्या अंबाड्याआड म्युझिक सिस्टीम. मी बोटांनी फोटो मोठा करायचे, चेहरे बाजूला सरकवायचे आणि मागच्या कोपऱ्यात काय दिसतंय ते शोधायचे. एका फोटोत अण्णा आरतीचं ताट धरून उभे आहेत, २०२३ चा गणपती, त्यांचा शेवटचा. त्यानंतर मार्चमध्ये गेले ते. हाताला कंप होता तेव्हा, म्हणून ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, ज्योतीचा उजेड हनुवटीवर. मी त्यांच्या खांद्यावरून पुढे गेले, स्वयंपाकघराच्या दारातून आतला फ्रिज स्पष्ट दिसत होता, डबल डोअर, कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं. "सापडला!" मी एवढ्या जोरात ओरडले की आई जाग्या झाल्या. काय सापडलं विचारलं. मी सांगितलं, फ्रिज. त्यांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा नव्हता, तो धुराच्या घरात राहिलेला, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या. आणि म्हणाल्या, "हे सोवळं मीच नेसवलं होतं त्यांना." मोबाईल परत दिला आणि कुशीवर वळल्या.

अण्णा असते तर त्यांनी यावर एक गोष्ट नक्की सांगितली असती, दर चौदा एप्रिलला सांगायचे तशी. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच बोटीत भरलेल्या, दुपारी चारच्या सुमारास. विझवायला गेलेले बंबवाले साठाच्या वर गेले, त्यांच्यासाठी म्हणून आजही त्या तारखेला अग्निशमन दिन असतो. अण्णांचे वडील तेव्हा मांडवीला एका खोलीत राहायचे, ती खोली राहिली नाही. पुढे सरकारने नुकसानभरपाई द्यायचं ठरवलं तेव्हा लोकांनी याद्या करून दिल्या, तशी अण्णांच्या वडिलांनीही दिली, आणि त्यात लिहिलं, तांब्याचे बंब दोन. घरात बंब एकच होता. अण्णा हे सांगताना इतके हसायचे की खोकला लागायचा, "आगीच्या बंबाचा पण क्लेम केला आमच्या दादांनी!" पैसे दोन्हींचे मिळाले का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले असं मघाशी सांगितलं नाही वाटतं. साठीचे असतील, बदलापूरहून लोकल बदलत आलेले, आईंना मावशी म्हणाले आणि पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. मी आधी त्यांना शत्रूच धरलेलं, कंपनीने पाठवलेला माणूस म्हणजे कापायलाच येणार. पण त्या माणसाने कपाटं सरकवून मागे टॉर्च मारला, पंख्याच्या पात्यावर पांढरा रुमाल फिरवून बघितला, गादी नाकाशी धरून वास घेतला, एक नाही, तिन्ही गाद्या. मी यादीत न लिहिलेल्या दोन गोष्टी त्यांनीच लिहायला लावल्या, स्विचबोर्ड आणि एक्झॉस्ट फॅन. अण्णांची भजनाची वही होती, धुराने आणि पाण्याने पानं एकमेकांना चिकटलेली, मी विचारलं हिचं काय करायचं. म्हणाले, हस्तलिखितं, कागदपत्रं, नोटा, नाणी, हे कव्हरमध्ये येत नाही मॅडम. मग थोडं थांबून म्हणाले, "पानं सुटी करायला घाई करू नका, मधे टिश्यू घालून सावलीत वाळवा." त्याचं कुठे रकान्यात काही नव्हतं. आणि त्याच माणसाला, त्यानंतर दहा मिनिटांत, मी मिक्सर चालू होता म्हणून सांगितलं.

का सांगितलं हा विचार मी बराच केला. ३५०० रुपयांसाठी नक्की नाही, आंबे आणि मसाल्याची तर मी ओळच लिहिली नव्हती, लाज वाटली खाण्याचे पैसे मागायची. मला वाटतं त्या चार दिवसांत जे जे गेलं त्यातल्या निम्म्याला रकाना नव्हता, आणि जिथे रकाना होता तिथे हात आपोआप जड पडत होता. पण ही पण सारवासारवच झाली म्हणा. आजेसासऱ्यांच्या खोट्यावर अण्णांना निदान हसता तरी यायचं.

पुढचं सगळं कागदपत्रांचं. अग्निशमन दलाचा रिपोर्ट, पोलिसांचा पंचनामा, सोसायटीचं पत्र, रंगाऱ्याचं आणि वायरमनचं एस्टिमेट, कॅन्सल चेक. रिपोर्टसाठी तीन चकरा. पॉलिसीत तात्पुरत्या घराचं भाडंही मिळतं म्हणे, पण आम्ही पाच आठवडे दिराकडे राहिलो, आता भाऊजींकडून भाडेपावती मागायची म्हणजे जाऊबाईंनी आयुष्यभर ऐकवलं असतं. मामा मधेच तावातावाने सांगायचे, नाकारलं तर विमा लोकपालाकडे जाऊ, फी नाही, वकील नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. त्यांना बहुतेक जायचंच होतं. वेळ आली नाही. सामान भंगारवाल्याने उचललं, त्याचे आलेले साडेचार हजार क्लेममधून वजा झाले. मिक्सर त्याच्यातच गेला, भांड्यांसकट. कलथे तेवढे मी घासून ठेवले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि वास परत आला. रंग होऊन दहा दिवस झालेले, सीलर, प्रायमर, सगळं करून. हवा दमट झाली की कपाटाच्या आतल्या प्लायमधून निघायचा, रात्री दोन-तीनला, मी उठून गॅस बघून यायचे, प्लग बघून यायचे. आई पण जाग्या असायच्या. आम्ही दोघी एकमेकींना काही न बोलता परत झोपायचो. आता थंडीत कमी झालाय.

पैसे जमा झाले ऑगस्टमध्ये. सगळे मिळून तीन लाखांच्या थोडे खाली, मी धरलेल्यापेक्षा फार कमी नाही. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागता येते हे मामांनी सांगितलं म्हणून मी मेल टाकला, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती आली, अकरा पानं. मी आधी शेवटचं पान बघितलं, मग ओळ नंबर १७ वर गेले. मागितलेली रक्कम ३५००, मंजूर शून्य. शेरा इंग्रजीत, 'नॉट इन वर्किंग कंडिशन प्रायर टू लॉस, रेफर फोटो नं. ९.'

फोटो नंबर नऊ मीच पाठवलेला. मोबाईलवर उघडला. अण्णा, आरतीचं ताट, मागे दारातून फ्रिज, आणि फ्रिजच्या डोक्यावर मिक्सर. वायर गुंडाळून रबरबँड लावलेली. भांड्यातून दोन कलथे आणि एक झारा वर आलेले. म्हणजे २०२३ मध्येही तो बंदच होता, मला वर्षसुद्धा चुकीचं आठवत होतं. रात्री दोन वाजता अण्णांच्या खांद्यावरून एवढं आत डोकावले आणि मला फक्त फ्रिज दिसला होता.

सर्व्हेअरचा नंबर मोबाईलमध्ये आहे. गणपतीत त्यांना फोन करून दर्शनाला बोलवावं असं दोनदा मनात आलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोलव की, भला माणूस होता, जाळ्यांचं खरं सांगितलंन." मी फोन काढला आणि तसाच खाली ठेवला, नैवेद्याचं वाटण करायचं राहिलं होतं, पुरण नव्या मिक्सरवर.